मागच्या बाजूला जाळ कमी

मला अल्झायमर आहे. हे वाक्य पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढं विसरले तरी सांगायचं राहून जायला नको. हसलात तरी चालेल. आमच्या घरातही यावर हसतात, आणि सगळ्यात मोठ्यानं मीच हसते.

मी कमल. भूमजवळच्या एका खेड्यात आमची खव्याची भट्टी आहे. घरात मालक, म्हणजे माझे यजमान. मुलगा दत्ता तयार खवा घेऊन गाडीवर असतो, तो दिवसभर बाहेरच. आणि सून सुरेखा. सुरेखा माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. आमच्या भागात भावाची लेक सून करून आणतात, त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. लहानपणी सुट्टीला यायची तेव्हा ती मला आत्या म्हणायची. लग्न होऊन आली तरी आत्याच म्हणते, कारण आमच्याकडं सासूलाही आत्याच म्हणतात. तिला हाक बदलावीच लागली नाही. एवढं नातं नीट ध्यानात ठेवा, पुढं यावरूनच घोळ झाला.

मी सकाळी लिहिते, तेव्हा डोकं ताजं असतं. सुरेखा दुपारी वाचते आणि एकच गोष्ट दोनदा आली असेल तर तिथं फुली मारते. ज्यांच्या घरात कुणीतरी विसरायला लागलंय आणि बाकीचे ‘वय झालं’ म्हणून विषय बदलतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला कुणीतरी असं आधी सांगायला हवं होतं.

कुणाचं तरी करपलं

खवा करणं म्हणजे दूध आटवणं, असं बाहेरच्यांना वाटतं. दूध काय, कुणीही आटवेल. सगळी कसोटी शेवटाला असते. दूध घट्ट होऊन कढई सोडायला लागलं की जाळ ओढून घ्यायचा, उलथणं थांबू द्यायचं नाही, आणि नेमक्या वेळी कढई उतरवायची. जरा आधी उतरवली तर खवा ओला राहतो, जरा उशीर झाला तर करपट वास लागतो. ‘उतरवा’ हा शब्द आमच्या भट्टीवर माझा. सासूबाईंनंतर तो दुसऱ्या कुणी उच्चारला नव्हता.

त्या दिवशी भट्टीत लाकडं सारली आणि वाळत घातलेले कपडे काढायला मी अंगणात गेले. तिथं शेजारीण भेटली, आम्ही बोलत उभ्या राहिलो. मग वास आला. मी शेजारणीला म्हटलं, ‘कुणाचं तरी करपलं गं.’

कुणाचं तरी! वास ओळखला, अगदी खव्याचाच म्हणून ओळखला. पण तो माझ्याच कढईचा आहे, मीच मघाशी जाळ घालून आलेय, हे माझ्या गावीही नव्हतं. सुरेखा मागच्या दारानं धावत आली तेव्हा कढईच्या तळाशी काळा थर धरला होता.

मालक म्हणाले, ‘असू दे, एखाद्या टायमाला हुतं.’ सुरेखा कढई घासत बसली आणि मी तिच्याकडं बघत राहिले. दूध घालायला येणाऱ्या बायांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते, साखर म्हणून मीठ काढते, बोलता बोलता शब्दच सापडत नाही, हे सगळं तिला केव्हाच दिसत होतं. शेवटी राख झटकत ती म्हणाली, ‘आत्या, आपण डोक्याच्या डॉक्टरला दावून येऊ.’

मालक तडकले. ‘डोक्याच्या? उद्या गाव म्हणंल, कमल येडी झाली. तिचा भाऊ गेलाय, ते दुःख हाय तिला. कुठं लक्ष लागतंय!’

भाऊ गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझा भाऊ म्हणजे सुरेखाचे वडील, अण्णा. दुःख होतंच. मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला सोयीचं वाटत होतं. कारण खरी भीती मी कुणाला सांगितली नव्हती. मरणाला मी भीत नव्हते. मला भट्टीवरून उठवतील, ओट्यावर खुर्ची टाकून देतील आणि ‘बसा आता आरामात’ म्हणतील, याला मी भीत होते.

परीक्षा

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम होत्या, वयानं लहान, कोकणातून नव्यानं आलेल्या. बोलायला गोड. सुरेखाला बाहेर बसवून त्यांनी माझी परीक्षा घेतली. शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच परीक्षेला बसले होते.

पहिला प्रश्न, ‘तुमच्यासोबत कोण आलंय?’

मी म्हटलं, ‘भाची.’

मग त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि पुन्हा फिरून त्यावरच आल्या. ‘घरी स्वयंपाक कोण करतं?’

‘सून.’

‘ती आज घरी आहे का?’

‘न्हाय, बाहेर बसलीय की.’

‘बाहेर तर भाची बसलीय ना?’

‘व्हय, तीच.’

मॅडमचा पेन थांबला. त्यांनी काहीतरी लिहिलं. मग विचारलं, ‘आपण आत्ता कुठल्या जिल्ह्यात आहोत?’

‘उस्मानाबाद.’ त्यांनी माझ्याकडं बघितलं तशी मी म्हटलं, ‘धाराशिव.’

‘एकच सांगा.’

‘एक कसं सांगू? म्हणायचं उस्मानाबाद, लिहायचं धाराशिव. माझ्या आईच्या वेळंला उलटं हुतं. ती म्हणायची धाराशिव, अन् कागदावर असायचं उस्मानाबाद.’

पेन पुन्हा थांबला, आणि दोन्ही ठिकाणी मी चुकले असं त्यांनी धरलं.

पण पुढचं ऐका. त्यांनी मला तीन शब्द सांगून ठेवले होते आणि थोड्या वेळानं परत विचारले. एकही आठवेना. शब्द सांगितले होते हेच आठवेना. मग घड्याळ काढायला दिलं. गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले, पंगतीत सगळे एकाच पत्रावळीवर बसावेत तसे. काहीतरी बिघडलंय एवढं मला दिसत होतं. काय बिघडलंय ते दिसत नव्हतं.

पेपर तपासणारी चुकली

घरी आल्यावर भाची आणि सुनेची गोष्ट ऐकून मालकांना जोर चढला. ओट्यावर बसून येईल त्याला सांगायला लागले, ‘पेपर तपासणारीच चुकली हो! भाची म्हणली तरी बरोबर, सून म्हणली तरी बरोबर. उस्मानाबादबी बरोबर, धाराशिवबी बरोबर. हिचं बरोबर आलेलं चूक धरलं, मंग बाकीच्या पेपरचा काय भरवसा?’

ऐकणारे माना डोलवायचे. दत्तालाही ते पटलं. त्यालाही ते पटवून घ्यायचंच होतं. सगळं घर त्या दोन प्रश्नांना धरून बसलं आणि त्या तीन शब्दांचं आणि घड्याळाचं कुणी नाव काढेना. मीही काढलं नाही. चार दिवस मला फार बरं वाटलं. माझ्या आजारावर मॅडमची चूक पांघरून मी निवांत झोपत होते.

मग एका सकाळी सुरेखानं चहाचा कप हातात दिला आणि हळूच विचारलं, ‘आत्या, घड्याळ कसं काढलं हुतं?’

मी खोटं बोलू शकले असते. पण ती लहान असताना मांडीवर बसून मला अशीच विचारायची आणि तिच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘वाकडं. लई वाकडं.’ आणि मला रडू आलं. ती शेजारी बसली आणि तिनं चहा गार होऊ दिला.

परत मॅडमकडं गेलो, यावेळी मालकही आले. सुरेखानं दोन नावांचा आणि दोन नात्यांचा उलगडा केला. मॅडम आधी गोंधळल्या, मग मोकळेपणानं म्हणाल्या, ‘ही चूक माझीच. दोन्ही उत्तरं बरोबर धरते. पण बाकीची उत्तरं अजून काळजीची आहेत.’ त्यांनी समजावून सांगितलं. दुःखानं, उदासीनंही माणूस विसरतं, आणि अल्झायमरमध्येही विसरतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. पहिल्या खेपेलाच एमआरआय झाला होता, त्यात गाठ किंवा रक्तस्राव काही नव्हता. आता सोलापूरला एक तपासणी करू, त्यात मेंदूत रक्त कुठं नीट पोचतंय आणि कुठं कमी पडतंय ते दिसतं.

मी लगेच हो म्हटलं. रक्ताला जिल्ह्याचं नाव कुणी विचारणार नव्हतं.

बिनचहाचा दिवस

तपासणीआधी चहा-कॉफी बंद, असं बजावलं होतं. चहानं डोक्यातल्या रक्ताच्या वाहण्यात फरक पडतो म्हणे. चहाशिवाय आमच्या मालकांचा डोळा उघडत नाही. पण त्या सकाळी गाडीत त्यांचं तोंड बघून मला कळलं, त्यांनीही घेतला नव्हता. विचारलं तर म्हणाले, ‘इच्छाच न्हाय झाली.’ इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला कधी गोड बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी चहा सोडला. मला ते गोड शब्दांपेक्षा जास्त वाटलं.

तिथं कानातलं, केसातल्या पिना, सगळं काढायला लावलं. मी ते मालकांच्या रुमालात बांधून दिलं. हाताला सुई लावून मला मंद उजेडाच्या खोलीत निजवलं. तिथल्या ताई म्हणाल्या, ‘बोलायचं नाही, हालायचं नाही, शांत पडून राहायचं. औषध सोडताना मी आत येईन, तेव्हाही बोलू नका.’ ते औषध रक्ताबरोबर डोक्यात जातं, आणि त्या घटकेला रक्त जिथं जितकं गेलं तिथं तितकं धरून राहतं. मग यंत्र त्याचं चित्र काढतं. मला एवढंच कळलं आणि एवढं पुरेसं होतं.

शांत पडायचं म्हणजे काय करायचं, ते मला माहीत नाही. रिकामं बसायची सवयच नाही. मी मनातल्या मनात कढई चढवली. दूध ओतलं, लाकडं सारली, उलथणं फिरवायला लागले. खवा कढई सोडायला लागला तेवढ्यात ताई आत आल्या आणि औषध सोडून गेल्या. मग काळजीनं माझा जीव वर-खाली. विचार केल्यानं चित्र बिघडलं तर? बाहेर आल्यावर ताईंना विचारलं तर त्या हसल्या. ‘मनात काहीही करा हो मावशी, हात हलले नाहीत ना?’

थोड्या वेळानं यंत्राखाली घेतलं. एमआरआयसारखा ठणठणाट नव्हता. डोकं पट्ट्यानं बांधून ठेवतात आणि दोन मोठ्या पाट्या डोक्याभोवती सावकाश फिरतात, अगदी तोंडाजवळून. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्या आपल्याला भरडायला येत नाहीयेत, नुसत्या बघायला येतायत, असं मनाला सांगितलं की बरं वाटतं. ज्यांना हे करायचंय त्यांना सांगते, दुखत काहीच नाही. नाकाला मात्र नेमकी तेव्हाच खाज सुटते.

सगळं झाल्यावर मालकांकडं कानातलं मागितलं, तर रुमाल सापडेना! सगळे खिसे चाचपले, पिशवी उपसली, बाकाखाली वाकून बघितलं. शेवटी सुरेखा म्हणाली, ‘मामा, डोक्याला काय बांधलंय?’ उन्हाचा म्हणून रुमाल डोक्यालाच गुंडाळला होता, आणि गाठीत माझं कानातलं. मी ताईंना म्हटलं, ‘यांचंबी एक चित्र काढून टाका.’ ते पहिल्यांदा हसले त्या दिवशी.

चित्र

मॅडमनी पडद्यावर चित्र दाखवलं. जिथं रक्त भरपूर तिथं लाल-पिवळं, जिथं कमी तिथं हिरवं-निळं. पुढचा भाग छान पेटलेला. बाजूला कानावर आणि मागं वरच्या अंगाला निळसर.

त्या शब्द शोधत होत्या, कसं सांगावं म्हणून. मीच म्हटलं, ‘मागच्या बाजूला जाळ कमी हाय.’

‘म्हणजे?’

‘कढईखाली जाळ सगळीकडं सारखा लागत न्हाय. जिथं कमी लागतो तिथलं दूध आटत न्हाय, कच्चं राहतं. तसं हे.’

मॅडम म्हणाल्या, ‘असंच समजा.’ मग स्पष्ट बोलल्या. नुसत्या चित्रावरून ठरवत नाहीत, परीक्षा, एमआरआय, घरच्यांनी सांगितलेलं, सगळं एकत्र धरून ठरवतात. आणि ते सगळं मिळून अल्झायमरची सुरुवात दाखवतंय. गोळ्यांनी काहींना थोडा आधार मिळतो. पूर्ण बरं होत नाही. पण सुरुवात आहे, अजून पुष्कळ काही हातात आहे.

मला काय वाटलं ते सांगू? वाईट वाटलं. आणि त्याच वेळी छाती मोकळी झाली. मी आळशी झाले नव्हते, बेफिकीर झाले नव्हते, भावाच्या दुःखात नुसती वाहवत चालले नव्हते. जाळ कमी पडत होता. ते आता दिसत होतं.

मालक पडद्याकडं बघत होते. मग माझीच भीती त्यांच्या तोंडून बाहेर आली. ‘मंग आता भट्टी?’

‘विस्तवाजवळ एकट्यानं नको,’ मॅडम म्हणाल्या. ‘काम बंद करायला मी सांगत नाहीये.’

बाहेर येऊन मालकांनी हॉटेलात चहा मागवला. बशीत ओतला आणि तसाच ठेवला. ‘म्या उगं दोन मार्कांसाठी भांडत हुतो,’ म्हणाले आणि रुमालानं तोंड पुसलं. डोळे पुसले हे मी बघितलं नाही असं दाखवलं.

सुरेखाची अट

घरी आल्यावर सुरेखानं अट घातली. लेकीनं घालावी तशी, सुनेची घालायची हिंमत झाली नसती. ‘आत्या, जाळ म्या घालणार, म्याच ओढणार. म्या नसले तर भट्टी पेटणार न्हाय. उलथणं तुमचं. अन् “उतरवा”बी तुमीच म्हणायचं. पण एक हाय. चुकलं की “चुकलं” म्हणायचं. झाकायचं न्हाय. ज्या दिवशी झाकाल त्या दिवशी म्या तुमाला भट्टीवरून उठवणार.’

कडक होती. मी कबूल झाले. जितके दिवस चूक ओळखता येतेय आणि सांगता येतेय, तितके दिवस भट्टीवर माझी जागा.

गावाला आम्ही सरळ सांगून टाकलं. कुणी वेडी म्हटलं नाही. म्हटलं असेल तर मला आठवत नाही, हा या आजाराचा एक फायदा. दूध घालायला येणारी माणसं आता दारातूनच आपलं नाव सांगतात, ‘काकू, म्या शिवाजी’, ‘कमलबाई, म्या पारू’. सुरुवातीला मला राग यायचा, मी काय आंधळी आहे का! मग लक्षात आलं, किती सोपं करून टाकलंय त्यांनी. आता कुणी नाव न सांगता आलं तर मीच दटावते.

सगळे दिवस असे नसतात. एकदा मी सुरेखाला विचारलं, ‘अण्णा कधी यायचाय गं?’ तिनं हातातलं काम ठेवलं. ‘येतील’ म्हणाली असती तर माझं समाधान झालं असतं. पण झाकायचं नाही, ही अट दोघींनाही होती. माझा हात धरून म्हणाली, ‘आत्या, अण्णा गेले.’ मला ते नव्यानं कळलं. मी नव्यानं रडले, आणि त्या पोरीला स्वतःच्या बापाचं मरण स्वतःच्या तोंडानं पुन्हा सांगावं लागलं. या आजाराचं सगळ्यात मोठं ओझं माझ्या अंगावर नाही, तिच्या अंगावर आहे.

दुसरी परीक्षा

पुढच्या खेपेला मॅडमनी परत परीक्षा घेतली. यावेळी सुरेखा शेजारीच बसली होती. मी मनाशी ठरवून गेले होते, भट्टीवर टिकून आहे तर या परीक्षेलाही चांगली उतरणार.

‘जिल्हा कोणता?’

‘म्हणायला उस्मानाबाद, लिहायला धाराशिव.’

मॅडम हसल्या. ‘आता मीही तसंच म्हणते.’ पूर्ण मार्क. तीन शब्दांपैकी दोन आठवले. घड्याळाचे आकडे थोडे पांगले होते, पण पहिल्यासारखे एका पत्रावळीवर नव्हते. मग सुरेखाकडं बोट करून त्यांनी विचारलं, ‘या कोण?’

मी म्हटलं, ‘माझी आत्या.’

मॅडमना हसू आवरेना. ‘तुमच्याकडं काय बाई, भाची, सून, आत्या, सगळं एकच!’ आणि त्यांनी बरोबरची खूण केली.

सुरेखा हसली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. कुणी काही बोललं नसतं तर ती खूण तशीच राहिली असती. पहिल्या वेळी माझं बरोबर होतं ते चूक ठरलं होतं, मग यावेळी हिशेब फिटला म्हणून चालून गेलं असतं. मला नक्की काय चुकलंय तेही चटकन कळेना. तिच्या तोंडाकडं बघून एवढंच कळलं की काहीतरी करपतंय. मग मी आठवणीत मागं मागं गेले. सुट्टीला आलेली, फ्रॉक घातलेली पोरगी, कढईपासून लांब उभी राहून मला हाक मारणारी. काय हाक मारायची?

‘मॅडम, ते चूक लिहा.’

‘राहू द्या हो आजी.’

‘न्हाय, चूक लिहा. आत्या म्या हाय. ही माझी भाची. सुरेखा. माझी सून.’

मॅडमचा पेन पहिल्यासारखाच थांबला. मग त्यांनी बरोबरची खूण खोडली आणि चूक लिहिलं.

सुरेखानं पदरानं डोळे टिपले, पिशवी उचलली आणि दारात जाऊन वळली. ‘चला आत्या,’ म्हणाली, ‘संध्याकाळचं दूध यायचंय. कढई तुमचीच वाट बघतीय.’